‘पासून’, ‘पर्यंत’, ‘अजून’, ‘शेवटी’ : वाट पाहण्याचं इंग्रजी

वाट पाहणं आपल्याला काही नवीन नाही. कोल्हापूरहून सुटलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस सारं राज्य आडवं कापत तेराशेहून जास्त किलोमीटर धावते, तेव्हा कुठे ती गोंदियाला पोचते. निकालाची वाट, रिव्हॅल्युएशनची वाट, स्कॉलरशिपची वाट, मेसमधल्या गरम पोळीची वाट! वाट पाहण्यात आपण सारे डिस्टिंक्शन मिळवलेले आहोत.

अडचण येते ती हीच गोष्ट इंग्रजीत सांगताना. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये समोरचे साहेब मार्कशीट पाहून विचारतात, “हे मधलं एक वर्ष कुठे गेलं?” या प्रश्नाचं उत्तर म्हणजे सगळा काळाचाच हिशेब असतो. किती दिवस, केव्हापासून, अजून चालू आहे की संपलं, आणि हाती काय लागलं? टेन्सचे बाराही तक्ते पाठ असलेला मुलगा नेमका इथेच अडखळतो.

याचं कारण बुद्धी कमी आहे, हे मुळीच नाही. कारण असं, की मराठीतले चार-पाच साधे शब्द दोन-दोन कामं करतात. इंग्रजीत त्या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. आपण घाईत त्यातला एकच उचलतो आणि दोन्हीकडे लावतो. तेव्हा हे ‘डबल ड्यूटी’ करणारे मराठी शब्द एकदा ओळखून ठेवले, की अर्धी लढाई जिंकली. म्हणून या लेखात व्याकरणाचा तक्ता नाही. आपल्याच शब्दांपासून सुरुवात करू या.

१) ‘पासून’

‘मी दोन तासांपासून थांबलोय’ आणि ‘मी नऊ वाजल्यापासून थांबलोय’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’. आपल्या गोंदियात अर्धा वेळ हिंदी चालते, तिथेही तेच: ‘दो घंटे से’ आणि ‘नौ बजे से’. म्हणजे दोन्ही भाषा मिळून आपल्याला एकाच खड्ड्यात ढकलतात, आणि तोंडून निघतं, ‘आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स’.

इंग्रजीत नियम सोपा आहे. स्वतःला विचारा, मी मोजतोय की बोट ठेवतोय? मोजत असाल (दोन तास, तीन सेमिस्टर, दहा वर्षं) तर ‘फॉर’. कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवत असाल (नऊ वाजता, सोमवारी, 1999 मध्ये) तर ‘सिन्स’.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. भंडारा जिल्ह्याचं विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा झाला. ‘गोंदिया हॅज बीन अ सेपरेट डिस्ट्रिक्ट सिन्स 1999.’ इथे बोट ठेवलं. ‘गोंदिया हॅज बीन अ सेपरेट डिस्ट्रिक्ट फॉर मोअर दॅन ट्वेन्टी-फाइव्ह इयर्स.’ इथे मोजलं. गोष्ट एकच, माप वेगळं.

‘झाले’ या आपल्या शब्दासाठीही इंग्रजीत एक सुंदर साचा आहे: ‘इट्स बीन’. ‘दोन तास झाले’ म्हणजे ‘इट्स बीन टू अवर्स’. पण जरा जपून! मराठीत आपण म्हणतो, ‘दोन वर्षं झाली, आम्ही भेटलो नाही’. त्यात ‘नाही’ आहे. इंग्रजीत म्हणतात, ‘इट्स बीन टू इयर्स सिन्स वी मेट’. त्यात ‘नॉट’ नाही. शेवटची भेट झाली त्या दिवसावर बोट ठेवलेलं आहे, म्हणून ‘सिन्स’.

२) ‘थांबलोय’: चालू आहे की संपलं?

मराठीत ‘मी तासाभरापासून वाट पाहतोय’ हे वर्तमानकाळी वाक्य अगदी शुद्ध आहे. इंग्रजीला मात्र एवढ्याने भागत नाही. आतापर्यंतचा मागचा काळही त्या क्रियापदातच दिसावा, असा तिचा हट्ट असतो. म्हणून ‘आय ॲम वेटिंग’ नाही, तर ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर ॲन अवर’. ‘आय ॲम वेटिंग’ एवढंच म्हटलं तर ‘सध्या मी वाट पाहतोय’ इतकाच अर्थ होतो. तुमचा तास हिशेबात धरलाच जात नाही.

आपल्या रेल्वेवरून हे लवकर कळेल. गोंदिया ते जबलपूर ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली नॅरोगेज लाइन. ती ब्रॉडगेज करायला 1990 च्या दशकाच्या मध्यावर मंजुरी मिळाली. काम तुकड्या-तुकड्यांनी झालं आणि जबलपूरपर्यंतचा पूर्ण मार्ग 2021 मध्ये खुला झाला. आता हीच वाट तीन जागी उभं राहून सांगू.

2015 मध्ये उभा असलेला प्रवासी म्हणेल: ‘वी हॅव बीन वेटिंग फॉर अबाउट ट्वेन्टी इयर्स.’ वाट चालू आहे, संपलेली नाही.

आज आपण मागे वळून म्हणू: ‘पीपल वेटेड फॉर अबाउट ट्वेन्टी-फाइव्ह इयर्स.’ वाट संपली, गाडी आली.

गाडी आली त्या क्षणाची गोष्ट सांगताना म्हणू: ‘व्हेन द लाइन ओपन्ड, पीपल हॅड बीन वेटिंग फॉर अबाउट ट्वेन्टी-फाइव्ह इयर्स.’ एक भूतकाळी घटना, आणि तिच्याही मागची वाट.

बघा, नुसत्या क्रियापदावरून ऐकणाऱ्याला कळतं की गाडी आली की नाही! इंटरव्ह्यूमध्ये ‘आय वर्क्ड ऑन धिस प्रोजेक्ट फॉर सिक्स मंथ्स’ म्हणालात तर प्रोजेक्ट आटोपला. ‘आय हॅव बीन वर्किंग ऑन धिस प्रोजेक्ट फॉर सिक्स मंथ्स’ म्हणालात तर तो अजून चालू आहे, आणि पुढचा प्रश्न ‘पूर्ण कधी होणार?’ हा असेल. तयारी ठेवा.

एक अपवाद लक्षात असू द्या. ‘ओळखणे’, ‘जवळ असणे’, ‘माहीत असणे’ अशा क्रियापदांना सहसा ‘आयएनजी’ लागत नाही. ‘मी याला फर्स्ट इयरपासून ओळखतो’ याचं ‘आय ॲम नोइंग हिम’ होत नाही. ‘आय हॅव नोन हिम सिन्स द फर्स्ट इयर’ असं म्हणायचं.

३) ‘पर्यंत’

‘पाच वाजेपर्यंत थांब’ आणि ‘पाच वाजेपर्यंत जर्नल जमा कर’. पुन्हा एकच शब्द! पहिल्यात क्रिया पाचपर्यंत सलग चालते: ‘वेट टिल फाइव्ह’ किंवा ‘वेट अनटिल फाइव्ह’. दुसऱ्यात पाचच्या आत केव्हाही एकदा काम झालं की बस: ‘सबमिट युअर जर्नल बाय फाइव्ह’. ‘सबमिट टिल फाइव्ह’ म्हटलं तर पाच वाजेपर्यंत सतत जर्नल जमा करत बसा, असा विचित्र अर्थ निघतो.

‘जोपर्यंत’ तर आणखी चकवतो. ‘जोपर्यंत निकाल लागत नाही तोपर्यंत मी घरी जाणार नाही.’ मराठीत दोन ‘नाही’. त्यामुळे आपण लिहितो, ‘अनटिल द रिझल्ट इज नॉट डिक्लेअर्ड’. हे चूक. ‘अनटिल’च्या पोटातच ती ‘नाही’ आहे. ‘आय वोन्ट गो होम अनटिल द रिझल्ट इज डिक्लेअर्ड’, एवढं पुरे.

आणि ‘दोन तासांनी’? ‘गाडी दोन तासांनी येईल’ याचं आपण ‘आफ्टर टू अवर्स’ करतो. आतापासून पुढचे दोन तास मोजायचे असतील तर सहज इंग्रजी ‘द ट्रेन विल कम इन टू अवर्स’ असं आहे.

४) ‘थांब’ आणि ‘वाट पाहणे’

‘थांब ना जरा!’ हे आपण चालणाऱ्या मित्रालाही म्हणतो आणि फोनवरच्यालाही. इंग्रजीत चाललेली हालचाल बंद करणं म्हणजे ‘स्टॉप’, आणि कशासाठी तरी काळ काढणं म्हणजे ‘वेट’. फोनवर ‘प्लीज स्टॉप फॉर टू मिनिट्स’ म्हटलं तर समोरच्याला वाटेल, मी बोलतोय ते याला आवडलेलं नाही. तिथे ‘प्लीज होल्ड ऑन’ किंवा ‘वुड यू वेट अ मोमेंट?’ असं म्हणावं.

‘मी तुझी वाट पाहतो’ यात मराठीला ‘साठी’ची गरज नाही. म्हणून ‘आय ॲम वेटिंग यू’ असं होतं. ‘वेट’च्या मागे माणूस किंवा वस्तू आली की ‘फॉर’ हवाच: ‘आय ॲम वेटिंग फॉर यू’. त्याचा पत्रव्यवहारातला भाऊ ‘अवेट’, त्याला मात्र ‘फॉर’ चालत नाही: ‘वी अवेट युअर रिप्लाय’.

कंपनीला ई-मेल पाठवताना ‘आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय’ हे व्याकरणाने बरोबर, पण त्यात थोडा तगादा जाणवतो. उधारी मागायला दारात उभं राहावं तसा! त्याऐवजी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ लिहा. इथे ‘टू’च्या पुढे ‘हिअर’ नाही, ‘हिअरिंग’ येतं. पुष्कळ अर्ज इथेच घसरतात. आपल्यामुळे कोणाला ताटकळावं लागलं तर ‘सॉरी टू हॅव केप्ट यू वेटिंग’. आणि कोणी आपल्यासाठी शांतपणे थांबलं तर ‘थँक यू फॉर युअर पेशन्स’.

५) ‘अजून’

‘काम अजून चालू आहे’ आणि ‘काम अजून झालं नाही’. पहिल्याला ‘स्टिल’: ‘द वर्क इज स्टिल गोइंग ऑन’. दुसऱ्याला ‘यट’: ‘द वर्क इजन्ट फिनिश्ड यट’. आणि ‘आतापर्यंत इतकं झालं’ याला ‘सो फार’.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाइतकं याचं चांगलं उदाहरण आपल्या भागात दुसरं नाही. 1983 मध्ये 372 कोटी रुपयांच्या अंदाजाने त्याला मंजुरी मिळाली. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झालं आणि 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्च कित्येक पटींनी वाढला, पण 2024 पर्यंतही प्रकल्पाची सगळी कामं पूर्ण झालेली नव्हती. अशा रेंगाळलेल्या कामाला इंग्रजीत ‘अ लाँग-ड्रॉन-आउट प्रोजेक्ट’ म्हणतात. आणि जे कधीच व्हायला हवं होतं पण झालं नाही, ते ‘लाँग ओव्हरड्यू’. ‘द कनाल्स आर लाँग ओव्हरड्यू’ या पाच शब्दांत शेतकऱ्याची सगळी तक्रार येते.

६) ‘शेवटी’

ग्रुप डिस्कशनमध्ये हा शब्द फार दगा देतो. मुद्द्यांच्या यादीतला शेवटचा मुद्दा सांगताना ‘लास्टली’ किंवा ‘फायनली’. खूप वाट पाहून एकदाची गोष्ट झाली, सुटकेचा श्वास टाकला, तर ‘ॲट लास्ट’, आणि फारच ताटकळलो असू तर ‘ॲट लाँग लास्ट’. चर्चा, वळणं, धरसोड होऊन काय निष्पन्न झालं ते सांगायला ‘इन द एंड’. आणि एखाद्या वस्तूच्या टोकाशी, ‘ॲट द एंड ऑफ द सेमिस्टर’.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा यासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली 2012 मध्ये समिती नेमली गेली. तिचा अहवाल 2013 मध्ये केंद्राकडे गेला. दर्जा जाहीर झाला 3 ऑक्टोबर 2024 रोजी. ‘ॲट लाँग लास्ट, मराठी बिकेम अ क्लासिकल लँग्वेज इन 2024.’ इथे ‘लास्टली’ घातलं तर अकरा वर्षांची वाट गायब होते आणि नुसती यादी उरते!

या कुटुंबातले आणखी दोघे: ‘बिफोर लाँग’ म्हणजे ‘लवकरच’, आणि ‘इन द लाँग रन’ म्हणजे ‘लांबचा विचार केला तर’. ‘पाठांतराने पेपर निघतो, पण लांब पल्ल्यात समजूनच घ्यावं लागतं’, यातल्या ‘लांब पल्ल्यात’साठी ‘इन द लाँग रन’.

७) कष्ट सांगायचे कसे?

इतका वेळ वाट पाहण्याचं बोललो. पण नुसतं वाट पाहणं वेगळं आणि लांब पल्ल्याचे कष्ट वेगळे. कष्टांसाठी इंग्रजीत दोन भक्कम साचे आहेत, आणि सुदैवाने दोन्हींना मराठीत चांगले जोडीदार आहेत.

पहिला, ‘लागणे’ म्हणजे ‘टेक’. ‘मला दोन वर्षं लागली’: ‘इट टुक मी टू इयर्स’. पुढे ‘टू’ लावून काम सांगायचं. यात काम पूर्ण झालं हे आपोआप येतं. ‘इट टुक मी टू इयर्स टू लर्न प्रोग्रामिंग’ म्हणजे आता येतं!

दुसरा, वेळ ‘घालवणे’ म्हणजे ‘स्पेंड’, आणि पुढे ‘आयएनजी’. मराठीतल्या ‘घालवणे’ला जरा उधळपट्टीचा वास आहे, ‘स्पेंड’ला तो नाही. उधळपट्टीसाठी ‘वेस्ट’ वेगळा आहे. नवेगावबांधच्या रानात राहिलेले अरण्यलेखक मारुती चितमपल्ली (1932–2025) आठवा. वनखात्याची नोकरी करता करता त्यांनी पाखरं पाहिली, लोकांकडून नावं गोळा केली, ‘पक्षिकोश’ केला. ‘ही स्पेंट डिकेड्स वॉचिंग बर्ड्स अँड कलेक्टिंग देअर नेम्स.’ या वाक्यात दया नाही, बढाई नाही. फक्त काळ आणि काम आहे.

त्याच नवेगावचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानलं जातं. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ला इंग्रजीत जवळचा शब्द ‘लिटल बाय लिटल’. रोज न चुकता केलं तर ‘डे इन, डे आउट’. आणि मध्येमध्ये खंड पडत केलं तर ‘ऑन अँड ऑफ’. आपल्यापैकी बहुतेकांचा गिटारचा क्लास असतो तसा!

८) आता ते ‘गेलेलं वर्ष’

होस्टेलवर वायडी झालेला मुलगा म्हणतो, ‘माझं एक वर्ष गेलं’. इंग्रजीत तो म्हणतो, ‘माय वन इयर वेन्ट’ किंवा ‘आय वॉज सिटिंग ॲट होम’. पहिलं इंग्रजी नाही, आणि दुसरं खरं नाही. तो घरी नुसता बसला नव्हता. पेपरची तयारी करत होता, सकाळी बापाबरोबर धानाच्या बांधीत उतरत होता, नाहीतर राइस मिलमध्ये हिशेब लिहीत होता. मराठीत ‘घरी बसलो’ म्हणजे ‘कॉलेज नव्हतं’, एवढाच अर्थ. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘काहीच केलं नाही’ असा होतो. म्हणजे शब्दाला शब्द लावल्यामुळे एका वर्षाचे कष्ट पुसले जातात. माझ्या मते हे नुकसान स्पेलिंगच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठं आहे.

असं उत्तर तीन वाक्यांत बांधावं. पहिल्यात किती काळ आणि कशाला लागला: ‘इट टुक मी अ इयर टू क्लिअर टू पेपर्स.’ दुसऱ्यात त्या काळात काय केलं: ‘आय स्पेंट द मॉर्निंग्ज वर्किंग ऑन अवर फार्म अँड द रेस्ट ऑफ द डे स्टडिइंग.’ तिसऱ्यात काय निष्पन्न झालं: ‘आय क्लिअर्ड बोथ इन द समर एक्झाम, अँड आय हॅवन्ट हॅड अ बॅकलॉग सिन्स.’

पेपर अजून निघालाच नसेल तर? तेही सांगता येतं, मान खाली न घालता: ‘आय हॅव क्लिअर्ड वन सो फार. आय ॲम स्टिल वर्किंग ऑन द अदर.’ खोटं बोलायची गरज नाही, आणि बोलूही नये. मार्कशीट समोरच्याच्या हातात असते. शेत नसेल तर शेत सांगू नका. जे केलं तेच सांगा, फक्त योग्य साच्यात सांगा.

स्वाध्याय

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, उत्तरं नंतर पाहा. रूम पार्टनरला मोठ्याने म्हणून दाखवलं तर अधिक चांगलं.

1. आम्ही सकाळपासून पाण्याची वाट पाहतोय.
2. तीन महिने झाले, मी घरी गेलो नाही.
3. शुक्रवारपर्यंत फॉर्म भर.
4. रेक्टर सर येत नाहीत तोपर्यंत इथेच थांब.
5. लायब्ररी अजून उघडली नाही.
6. मला हे सर्किट जमवायला चार रात्री लागल्या.
7. मी याला बारावीपासून ओळखतो.
8. एकदाचा निकाल लागला!

उत्तरं:

1. वी हॅव बीन वेटिंग फॉर वॉटर सिन्स मॉर्निंग.
2. इट्स बीन थ्री मंथ्स सिन्स आय वेन्ट होम.
3. फिल इन द फॉर्म बाय फ्रायडे.
4. वेट हिअर अनटिल द रेक्टर कम्स. (‘नॉट’ घातलं असेल तर तिसरा मुद्दा पुन्हा वाचा.)
5. द लायब्ररी हॅजन्ट ओपन्ड यट.
6. इट टुक मी फोर नाइट्स टू गेट धिस सर्किट टू वर्क.
7. आय हॅव नोन हिम सिन्स द ट्वेल्फ्थ.
8. द रिझल्ट इज आउट ॲट लास्ट!

सहाच्या वर बरोबर आली असतील तर उत्तम. कमी आली असतील तर वहीच्या मागच्या पानावर ‘पासून, पर्यंत, थांब, अजून, शेवटी, लागणे’ हे सहा शब्द लिहा. रोज मेसच्या रांगेत उभे असताना त्यातल्या एकाचं एक वाक्य मनातल्या मनात करा. रांग आहेच, वेळही आहे. ‘लिटल बाय लिटल’ म्हणतात ते हेच, बरं का!